माल वाहणाऱ्यांची अक्षरं

दागिन्यात बसतं ते लाल पोवळं आपल्या किनाऱ्यावर होत नाही. लक्षद्वीपला, अंदमानला, मन्नारच्या आखातात प्रवाळ आहे, पण तो बेटं बांधणारा प्रवाळ. सोनार ज्याला पोवळं म्हणतो त्याचं जुनं घर भूमध्य समुद्र. सार्डिनिया, कॉर्सिका, सिसिली या बेटांभोवती, पाण्याखालच्या कपारींत, जिथे ऊन फारसं पोचत नाही तिथे ते खडकाला धरून वाढतं. वाढतं तेही इतकं सावकाश, की वर्षाकाठी फांदीची जाडी मिलिमीटरभरही वाढत नाही. करंगळीएवढी फांदी व्हायला माणसाच्या एक-दोन पिढ्या जातात.

हे पोवळं मराठवाड्यातल्या आमच्या मुखेडात ठायी ठायी दिसतं. काळ्या पोतीत डोरल्याशेजारी पोवळी ओवायची चाल अजून मोडलेली नाही. तान्ह्या बाळाच्या मनगटीत काळ्या मण्यांबरोबर एखादं पोवळं असतं. पत्रिकेत मंगळ निघाला की अनामिकेत पोवळ्याची अंगठी येते. आज जपान-तैवानकडचंही पोवळं येतं, काचेचं आणि प्लास्टिकचं तर पुष्कळच येतं. म्हणून सराफ भिंग लावून बघतो. काचेत हवेचे बुडबुडे दिसतात, खऱ्या पोवळ्यावर केसासारख्या बारीक समांतर रेघा दिसतात. लिंबाचा रस लागला तर खरं पोवळं खराब होतं, कारण ते मुळात चुन्याचंच.

थोरला प्लिनी हा रोमन लेखक इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. त्याआधी थोडाच काळ पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने लिहून ठेवलंय, की आमच्याकडे मोत्याला जी किंमत, ती हिंदी लोकांत पोवळ्याला. उत्तम पोवळ्याच्या जागा सांगताना तो गॉलच्या दक्षिणेची बेटं आणि सिसिलीच्या आसपासचा समुद्र सांगतो. गॉल लोक पूर्वी तलवारी, ढाली, शिरस्त्राणं पोवळ्यांनी मढवत. पण हिंदुस्थानात त्याला मागणी आहे हे कळल्यापासून सगळा माल तिकडे जातो आणि ज्या मुलखात पोवळं निघतं तिथेच ते दिसेनासं झालंय, असं त्याचं म्हणणं. तान्ह्या मुलांच्या अंगावर रक्षणासाठी पोवळं बांधतात, हेही त्यानेच नोंदलंय. दोन हजार वर्षांपूर्वीची इटलीतली आई आणि आजची आमच्याकडची आई एकाच भीतीपोटी एकाच वस्तूकडे वळतात, हे वाचल्यावर मला कितीतरी वेळ पुढचं पान उलटवेना.

मुखेडपासून समुद्र कुठल्याही बाजूला गेलं तरी साडेचारशे किलोमीटर तरी आहे. आमच्या भागात समुद्र म्हणतात तो कंधारचा जगत्तुंग समुद्र, राष्ट्रकूटांच्या काळातला तलाव. बालाघाटाच्या रांगा, माळरान, ज्वारी-तूर-सोयाबीन, आणि पावसाकडे लागलेले डोळे. अशा ठिकाणी बसून भूमध्य समुद्रातल्या बेटांचा इतिहास वाचणं हा रिकामपणाचा उद्योग नाही. एका लोकांचा दुसऱ्या लोकांवर प्रभाव पडतो म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नाचं उत्तर मला त्या बेटांइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे मिळालं नाही. आणि ते मिळाल्यावर घराजवळचं तेर हे जुनं गाव वेगळं दिसू लागलं.

त्या बेटांना एका धाग्यात ओवलं फिनिशियनांनी. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर टायर, सिदोन, बिब्लोस, अर्वाद ही त्यांची शहरं. एक राजा नाही, एक राज्य नाही, सगळ्यांना मिळून स्वतःचं असं नावही नाही. फिनिशियन हे ग्रीकांनी दिलेलं नाव. पाठीशी देवदाराच्या जातीच्या वृक्षांचे डोंगर, पुढे पाणी, मध्ये शेतीला चिंचोळी पट्टी. शंखाच्या जातीच्या प्राण्यापासून काढलेला जांभळा रंग, लाकूड, काच, हस्तिदंती कोरीवकाम हा त्यांचा माल, आणि तांबं, चांदी, कथील ही त्यांची गरज. जवळचं बेट सायप्रस, तांब्याचं. तिथे कितिऑन या गावी इ.स.पू. नवव्या शतकात टायरच्या लोकांनी वस्ती केली. मग क्रीट, माल्टा, सिसिली, सार्डिनिया, इबिझा, आणि शेवटी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे अटलांटिकच्या तोंडाशी गादिर, आजचं कादिझ. सार्डिनियात नोरा इथे १७७३ मध्ये एक कोरीव दगड सापडला. त्या बेटाचं नाव लिहिलेलं सगळ्यांत जुनं मानतात ते त्याच दगडावर, आणि ते फिनिशियन अक्षरांत.

वस्तीची जागा निवडण्याची त्यांची एक रीत होती. मोठ्या बेटाच्या किनाऱ्याला लागून असलेलं छोटं बेट किंवा समुद्रात घुसलेलं भूशिर धरायचं. आतल्या मुलखात शिरायचं नाही. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो की सिसिलीभोवतीची भूशिरं आणि बेटुकली त्यांनी आतल्या सिकेल लोकांशी व्यापार करण्यासाठी धरली होती. ग्रीक मोठ्या संख्येने आले तेव्हा ते मागे सरून पश्चिमेच्या टोकाला तीन ठिकाणी राहिले. त्यांतलं मोत्या हे बेट जेमतेम ४५ हेक्टरांचं. एवढ्याशा जागेत तटबंदी, देवळं, कुंभारांच्या भट्ट्या, रंगाचे कारखाने. इ.स.पू. ३९७ मध्ये सिराक्यूजच्या डायोनिसिअसने ते उद्ध्वस्त केलं. १९७९ मध्ये तिथे संगमरवरी तरुणाचा एक पुतळा निघाला. कारागिरी सरळ ग्रीक, अंगावरचा बारीक चुण्यांचा लांब झगा मात्र ग्रीक पुतळ्यांत सहसा न दिसणारा. तो कोणाचा, यावर वाद संपलेला नाही. फिनिशियन गावात ग्रीक हाताने घडलेला तो तरुण मला त्या सगळ्या काळाचा खरा रहिवासी वाटतो.

त्यांच्या व्यापाराचं सगळ्यांत सुंदर वर्णन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने केलंय, आणि ते कार्थेजच्या, म्हणजे टायरने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसवलेल्या शहराच्या, लोकांबद्दल आहे. सामुद्रधुनीपलीकडच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते गलबत लावतात, माल वाळूवर ओळीने मांडतात, पुन्हा गलबतावर चढतात आणि धूर करतात. धूर बघून तिथले लोक येतात, मालासमोर सोनं ठेवतात आणि लांब जाऊन उभे राहतात. मग हे उतरतात. सोनं मालाच्या मोलाचं वाटलं तर उचलतात आणि चालू लागतात. नाही वाटलं तर त्याला हात न लावता परत गलबतावर जाऊन बसतात. ते लोक पुन्हा येतात, भर घालतात. असं दोघांचं समाधान होईपर्यंत चालतं. पुरेसं होईपर्यंत हे सोन्याला शिवत नाहीत, आणि हे सोनं उचलेपर्यंत ते मालाला शिवत नाहीत. भाषा नाही, साक्षीदार नाही, करारपत्र नाही. मध्ये आहे ती वाळूची एक पट्टी आणि दोन्हीकडचं इमान.

आता त्या बेटांवर काय घडलं ते पाहावं. पुस्तकी भाषेत म्हणतात की फिनिशियनांनी द्राक्षमद्य आणलं, चाकावरची भांडी आणली, देव आणले, लिपी आणली. यात आणणाराच तेवढा हलताना दिसतो. घेणारा नुसता हात पुढे करून उभा. पण सार्डिनियाच्या वायव्येला सांत इम्बेनिया नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या लोकांचं, दगडी बुरूज बांधणाऱ्या नुराघिकांचं. तिथल्या उत्खननात फिनिशियन घाटाची माठासारखी मोठी भांडी मिळाली आणि ती स्थानिक मातीची निघाली. म्हणजे परदेशी गलबतातून आलेलं भांडं गावच्या कुंभाराने हातात घेतलं, फिरवून बघितलं, आणि आपल्या मातीत उतरवलं. पुढे त्याच भांड्यांत भरून त्या लोकांनी आपला माल बाहेर धाडला. याला नुसता फिनिशियनांचा प्रभाव म्हणणं त्या कुंभारावर अन्याय आहे.

माल्टात तास-सिल्ग नावाची टेकडी आहे. तिच्यावर इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या सुमाराचं, प्रचंड शिळांचं, गोलाकार भिंतींचं एक देऊळ होतं. कोणत्या देवतेचं, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. फिनिशियन आले तेव्हा ते देऊळ हजारो वर्षांचं जुनं होतं. त्यांनी ते पाडलं नाही. त्याच गोलाकार भिंतींना पुढून जोडकाम करून तिथे आपली देवी अस्तार्ती बसवली. ग्रीकांना ती हेरा वाटली, रोमनांना जूनो. सिसिलीचा लुटारू सुभेदार व्हेरेस याच्यावर रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. ७० मध्ये खटला चालवला, त्यात माल्टातल्या जूनोच्या देवळाच्या लुटीचा आरोप आहे, ते हेच देऊळ मानतात. पुढे तिथे चर्च झालं. जमीन तीच, पाया तोच, आणि बहुधा नवस बोलायला येणाऱ्या बायकाही त्याच घरच्या.

अलीकडे हाडांनीही साक्ष दिली. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास आला. २१० प्राचीन माणसांच्या अवशेषांतला डीएनए तपासला गेला. त्यांत सिसिली, सार्डिनिया, इबिझा ही बेटं होती, उत्तर आफ्रिका आणि स्पेनचा किनाराही होता. कार्थेजच्या काळातले जे लोक फिनिशियन बोलत, फिनिशियन देव पूजत, फिनिशियन रीतीने मेलेल्यांना पुरत, त्यांच्यात लेबनॉनकडचं रक्त जवळजवळ सापडलं नाही. ती माणसं सिसिली-एजियन भागातली, आफ्रिकेतली, एकमेकांत मिसळलेली होती. भाषा, देव आणि अक्षरं पुढे गेली, वंश मागे राहिला. संस्कृती म्हणजे रक्ताचा वारसा, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे निष्कर्ष एकदा शांतपणे वाचावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता घराजवळच्या तेरकडे वळू. मुखेडहून लातूरमार्गे दीडशे किलोमीटरांच्या आसपास तेर. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली, ते ‘पेरिप्लस’. त्यात तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीकासारखे दगड येतात. तगरहून जाडंभरडं सुती कापड पुष्कळ, तलम कापड सगळ्या तऱ्हेचं, आणि समुद्रकाठच्या मुलखातून तिथे येऊन पडलेला इतर माल. हे सगळं गाड्यांतून, वाट नसलेल्या मोठमोठ्या टापूंतून भडोचला उतरतं. तगर म्हणजे कुठलं गाव यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ तर्क झाले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच, हे मांडलं आणि ते टिकलं.

समुद्रकाठच्या मुलखातला माल तगरला येऊन पडत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो मुलूख पूर्व किनाऱ्याचा धरला, तर तेरहून तिकडे जाणाऱ्या वाटा आमच्या लातूर-नांदेड-बिदरच्या पट्ट्यातूनच जाणार. ज्याला वाट नसलेला टापू म्हटलंय तो कुणासाठी? भडोचच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या दर्यावर्दीला ती वाट दिसली नाही. बैल हाकणाऱ्याला प्रत्येक पाणवठा पाठ असणार.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्य खर्चून जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. पावसाळ्यात टेकाडांवरची माती वाहून गेली की लोकांना मणी, नाणी, मातीची चित्रं सापडत. ती भंगारात जाऊ न देता या माणसाने सांभाळली. तिथल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या जवळून बघाव्यात. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, मध्ये पोकळी, आणि दोन्ही अर्धी जोडल्याची रेघ कुठे कुठे अजून दिसते. ही दोन साच्यांची रीत रोमन जगाच्या संपर्कातून आली असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पण चेहरे बघा, केसांची वेणी बघा, कमरेची मेखला बघा, सगळं इथलं. तेर, कोंडापूर अशा सातवाहनकालीन ठिकाणी रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत, वर दोरा ओवायची सोय केलेल्या. रोममध्ये ज्याच्या नावाने लोकांचा थरकाप व्हायचा त्या सम्राटाचं तोंड इथे कुणीतरी मातीत उठवलं आणि गळ्यात घातलं. सोन्याचं नाणं परवडत नसेल, किंवा सोन्यापेक्षा तो गोल मुखवटाच आवडला असेल. सांत इम्बेनियाचा कुंभार आणि तेरचा कुंभार यांच्यात आठशे-नऊशे वर्षांचं आणि हजारो कोसांचं अंतर आहे, तरी दोघांची हाताची हालचाल एकच आहे.

आणि तेर कुंभारांचंच गाव म्हणून महाराष्ट्र ओळखतो, ते गोरोबाकाकांमुळे. थापटण्याने सगळ्या संतांची डोकी वाजवून कुठलं मडकं कच्चं ते सांगणारे गोरोबा. तगरच्या बाहुल्या घडवणाऱ्यांचा आणि त्यांचा वंश एक, असं मी म्हणणार नाही. तेराशे वर्षांत किती उलथापालथ होते. पण नदी तीच, गाळ तोच, आणि चिखल तुडवणाऱ्या पायांना लागणारं ज्ञान तेच.

याच गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. विटांचं, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर कमानदार छप्पर. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाहिलं आणि हा मूळचा बौद्ध चैत्य असावा, नंतर त्यात विष्णू आला, असं मत दिलं. नंतरच्या काही अभ्यासकांना ते मान्य नाही. पण चैत्याचा घाट आणि आत पाऊल उचललेला त्रिविक्रम, हे तर डोळ्यांना दिसतंच. तास-सिल्गच्या गोलाकार भिंतींत अस्तार्ती, तेरच्या गोलाकार भिंतींत त्रिविक्रम. आपल्याकडे अशा देवळाबद्दल बोलताना लगेच कुणी कुणाचं बळकावलं हा प्रश्न येतो. तो प्रश्न खोटा नाही. पण त्याच्यामागे आणखी एक प्रश्न असतो, की भिंत कुणी राखली. गोल भिंत दुरुस्त करायला चौकोनी भिंतीपेक्षा जास्त कौशल्य लागतं, आणि शतकानुशतकं कुणीतरी ते पणाला लावलं.

मराठवाड्यात जुन्या टेकाडांचं सगळ्यांत मोठं नुकसान शत्रूंनी केलेलं नाही. माळवदावर घालायला पांढरीची माती लागते. जुन्या वस्तीची, राखेची, शेणाची, कुजून मुरलेली ती माती पाणी धरत नाही, म्हणून घर गळत नाही. दरवर्षी मृगाआधी लोक टेकाडाला खणत आले आणि माती घरावर नेत आले. जुन्या नगरांनी अशा रीतीने आमच्या आजोबा-पणजोबांना पावसात कोरडं ठेवलं. मला या गोष्टीचा राग येत नाही, दुःख मात्र होतं. आता माळवदं गेली, पत्रे आणि स्लॅब आले. तरी टेकाडांवर पोकलेन चालतोच, आणि त्या मातीखाली कुणाचं डोकं कोरडं राहत नाही.

इथल्या मातीशी नातं सांगणारी एक वस्तू मात्र दूर टिकली. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक स्त्री सापडली. वीतभरापेक्षा थोडी उंच, अंगभर दागिने, हात मागे वळवलेला, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता यक्षी म्हणतात. तेरला सापडलेली हस्तिदंती मूर्ती आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचे अवशेष यांच्याशी तिचं जवळचं साम्य आहे, आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती भोकरदनकडचीच असावी, असं मांडलं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, ज्या गावच्या लोकांची दानं सांचीच्या लेखांत नोंदली आहेत. आता त्या मूर्तीच्या बैठकीकडे बघा. तिथे एक अक्षर कोरलंय, खरोष्ठीतलं. खरोष्ठी वायव्येची लिपी, म्हणजे दख्खनची कारागिरी आणि उत्तरेकडच्या वाटेची खूण एकाच वस्तूवर आली.

खरोष्ठी निघाली अरमाईक लिपीतून, आणि अरमाईक निघाली फिनिशियन लिपीतून. बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं. तीच बावीस अक्षरं ग्रीकांनी घेतली, नको असलेल्या व्यंजनांचे स्वर केले. ग्रीकांकडून एट्रुस्कन आणि रोमनांकडे गेली. पाँपेईच्या भिंतींवर रंगवलेली निवडणुकीची नावं आणि लोकांनी खरवडलेल्या शिव्या, प्रेमाच्या ओळी लॅटिनमध्ये आहेत, म्हणजे त्याच फिनिशियन अक्षरांच्या पश्चिमेकडच्या वंशजांत. एक शाखा पश्चिमेला गेली, एक पूर्वेला, आणि आठ-नऊशे वर्षांनी दोघी त्या एका गावात आल्या, एक भिंतीवर, एक हस्तिदंती बाईच्या पायाशी. इ.स. ७९ च्या राखेने दोघींना एकत्र झाकलं. त्या वेळी तिथे कुणालाही या नात्याची कल्पना नव्हती.

ब्राह्मीचं, म्हणजे आपल्या देवनागरीच्या पूर्वजाचं काय? जॉर्ज ब्यूलर हा जर्मन पंडित १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आला. मुंबई सरकारसाठी त्याने गावोगाव फिरून जमवलेल्या संस्कृत हस्तलिखितांचा साठा आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे. १८९५ मध्ये त्याने ब्राह्मीही त्याच सेमिटिक अक्षरांतून निघाली, असं सविस्तर मांडलं. पुष्कळ विद्वान ते मानतात, पुष्कळ नाकारतात. मला यात मानापमानाचं काही दिसत नाही. बाहेरून आलेलं असलं तरी ते क, ख, ग, घ, ङ असं मुखातल्या स्थानांप्रमाणे लावून, प्रत्येक व्यंजनाला मात्रा चढवून, उच्चाराच्या शास्त्रावर जे उभं केलं, ते इथल्याच माणसांनी केलं.

माल वाहून आणणारे लोक इथे येऊन राहिले तेव्हाही हेच घडलं. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी माणसाने, पाण्याच्या दोन पोढ्या दान दिल्या; दुसऱ्या एका यवनाने भिक्षूंच्या जेवणाचा मंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यातले कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांचे आहेत, आणि त्यांतल्या एकाचं नाव सिंहध्वज. परदेशातून आलेला माणूस स्वतःसाठी तलवारीची जागा मागत नाही, घाटातून चढून आलेल्याला पाणी मिळावं एवढी सोय करतो. कोकणातल्या बेने इस्राएलांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला त्यांचं गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. फिनिशियनांच्या शेजारच्या मुलखातून आलेले, फिनिशियन भाषेच्या सख्ख्या बहिणीसारखी भाषा प्रार्थनेत बोलणारे हे लोक कोकणात तेलाचा घाणा चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली झाले, गावावरून आडनावं घेऊन किहीमकर, पेणकर झाले, आणि बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करू लागले. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

फिनिशियनांनी कितीतरी लोकांना अक्षरं दिली आणि त्यांचं स्वतःचं लिहिलेलं जवळपास सगळं गेलं. पपायरस कुजला. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज जाळलं, तिथली ग्रंथालयं आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली, आणि स्वतःसाठी एकच ग्रंथ ठेवला: मागो नावाच्या माणसाने शेतीवर लिहिलेले २८ खंड. त्याचा लॅटिन अनुवाद करवला. तो अनुवादही पुढे हरवला. मग या लोकांबद्दल जे उरलं ते ग्रीकांनी आणि रोमनांनी लिहिलेलं. होमरच्या ‘ओडिसी’त फिनिशियन म्हणजे लबाड फेरीवाले, राजाच्या पोराला पळवून विकणारे. रोमनांच्या तोंडी कार्थेजचं इमान म्हणजे बेइमानी. हिरोडोटसची ती वाळूची पट्टी नसती, तर दुसरी बाजू कळलीच नसती.

हे वाचताना मला दरवेळी आमच्या तालुक्यातले तांडे आठवतात. मुखेड-कंधार-जळकोटच्या डोंगराळ भागात बंजाऱ्यांचे तांडे दाट आहेत. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बायका अजून फेटिया-काचळीत येतात, आणि त्यांच्या कपड्यांवर आरशांबरोबर कवड्या टाचलेल्या असतात. कवडी मुख्यतः मालदीवच्या बेटांची. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ आहे, म्हणजे इतक्या आतल्या मुलखातल्या देवीचं चिन्हही समुद्रातून आलेलं. ते कोणी आणलं? रेल्वे येण्याआधी कित्येक पिढ्या दख्खनच्या पोटात मीठ, धान्य, गोण्या बैलांच्या पाठीवरून वाहून नेणारे बंजारेच होते. त्यांच्याकडे याला लदेणी म्हणतात. सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे त्यांचे तांडे पाहून लिहून ठेवलंय. फौजा जगल्या त्या यांच्या धान्यावर. मीठ पोचलं ते यांच्यामुळे. समुद्र ज्याने कधी पाहिला नाही त्याच्या ताटात समुद्र यांनी वाढला.

पुढे सडका झाल्या, आगगाडी आली, लदेणी संपली. आणि १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जन्माने गुन्हेगार जमाती ठरवायला सुरुवात केली, तेव्हा कित्येक ठिकाणी बंजाऱ्यांचे गटही त्या यादीत गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत मोडतात. पण ज्यांनी कधी लेखणी धरली नाही त्यांच्यावर लेखणी धरणाऱ्यांनी मारलेला शिक्का अजून कुठे कुठे भाषेत शिल्लक आहे. ग्रीकांनी फिनिशियनांचं जे केलं तेच इथे झालं. वाहणाऱ्याचं इमान माल पोचल्यावर कुणाला आठवत नाही.

आपल्या वाटा, आपले मुक्काम, आपले नाईक बंजाऱ्यांनी कागदावर ठेवले नाहीत, गाण्यांत ठेवले. भाट आणि म्हाताऱ्या बायका होत्या तोवर ते होतं. त्यांच्या भाषेला, गोरबोलीला, स्वतःची लिपी नाही. आता तांड्यातली शिकलेली मुलं-मुली त्या गाण्यांच्या, लग्नविधींच्या, वंशावळींच्या वह्या भरू लागली आहेत. मुखेड-देगलूरकडे ती देवनागरीत लिहितात, बिदरकडे कन्नड अक्षरांत, निजामाबादकडे तेलुगूत. तिन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. एकीने लिहिलेलं दुसरीला वाचता येत नाही. म्हणून दाखवलं की तिघींनाही कळतं.